डॉक्टर गव्हेराचा दमा

टी-शर्टवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, हॉस्टेलच्या भिंतीवर एक चेहरा हमखास दिसतो. तारा लावलेली टोपी, विस्कटलेले केस, दूरवर लागलेली नजर. क्यूबाचा छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्डा याने ५ मार्च १९६० रोजी हवानात टिपलेला हा फोटो चे गव्हेराचा, हे बहुतेकांना माहीत असते. तो शिकलेला डॉक्टर होता, हे थोड्यांना माहीत असते. पण वयाच्या दुसऱ्या वर्षापासून अखेरपर्यंत त्याला तीव्र दमा होता आणि त्याच्या आयुष्यातल्या कितीतरी रात्री औषध संपल्यामुळे बसून काढण्यात गेल्या, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

गव्हेराच्या राजकारणाबद्दल टोकाची मते आहेत. कुणाला तो क्रांतीचा नायक वाटतो, तर क्यूबात क्रांतीनंतर दिल्या गेलेल्या मृत्युदंडांमुळे कुणाला निर्दय वाटतो. तो वाद या स्तंभाचा विषय नाही. मला रस आहे तो या माणसाच्या छातीत.

अर्नेस्टो गव्हेरा दे ला सेर्नाच्या जन्माची नोंद जून १९२८ मधली, अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातली. ('चे' हे नाव नंतरचे. अर्जेंटिनात बोलताना वाक्यागणिक 'चे' म्हणतात, म्हणजे आपले 'अरे'. क्यूबन मित्रांना त्याची गंमत वाटली आणि तेच नाव पडले.) मे १९३० मध्ये त्याची आई सेलिया त्याला ब्यूनोस आयर्सजवळ सान इसिद्रोला नदीवर पोहायला घेऊन गेली होती. दिवस गार होता. त्या रात्री पोराला खोकल्याची उबळ आली आणि छातीत घरघर सुरू झाली. आधी डॉक्टर ब्रॉन्कायटिस म्हणाले, मग दमा ठरला. त्या गार अंघोळीसाठी वडिलांनी पुढे कित्येक वर्षे आईला दोष दिला.

हे वाचताना मला आपली घरे आठवली. पोराला धाप लागली की घरात पहिला शोध अपराध्याचा सुरू होतो. कुणी दही दिले, कुणी फ्रिजमधले पाणी पाजले, कुणी पावसात भिजू दिले. आणि बहुतेक वेळा बोट आईकडेच जाते. दमा एका अंघोळीने होत नाही. श्वासनलिका जात्याच हळव्या असण्याचा कल आनुवंशिक असतो. त्यात धूळ, धूर, परागकण, विषाणूंचा संसर्ग यांची भर पडते. गार पाण्याने फार तर त्या दिवसाचा अॅटॅक आणला असेल. त्या माउलीला दमा 'लावल्याचा' ठपका आयुष्यभर सोसावा लागला, तो अन्यायच होता.

मुलासाठी मात्र या आईबापांनी काही करायचे बाकी ठेवले नाही. कोरड्या हवेसाठी कुटुंबाने बिऱ्हाड हलवले आणि कोर्दोबा प्रांतातल्या डोंगरपायथ्याच्या आल्ता ग्रासिया या गावी जाऊन ते राहिले. अंथरुणे बदलली, आहार बदलला, जो जे सांगेल ते करून पाहिले. आपल्याकडेही कोजागरीच्या खिरीतून दम्याचे औषध घ्यायला माणसे रात्र जागवतात आणि मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळतात. श्वास कोंडल्यावर माणूस काय वाटेल ते करतो, यात हसण्यासारखे काही नाही. एवढेच, की दमा मुळातच चढता-उतरता आजार आहे. अॅटॅक एरवीही ओसरायचाच असतो. तो ओसरला की श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळते.

आजारपणामुळे अर्नेस्टो नियमित शाळेत उशिरा गेला. सुरुवातीचे धडे आईनेच घरी दिले. वाचनाचे वेड लागले ते अंथरुणावर. पण सेलियाने एक गोष्ट फार चांगली केली: पोराला कापसात गुंडाळून ठेवले नाही. तो पोहला, डोंगर चढला आणि पुढे रग्बीसारखा धसमुसळा खेळ खेळू लागला. आल्बेर्तो ग्रानादो हा मित्र त्याला खेळ शिकवायचा. धाप लागली की अर्नेस्टो मैदानाबाहेर यायचा, कडेला ठेवलेला पंप ओढायचा आणि पुन्हा आत जायचा.

तो पंप आजच्यासारखा नव्हता. काचेची लहानशी कुपी, तिला रबरी फुगा. कुपीत अॅड्रिनॅलिनचे द्रावण. फुगा दाबला की तुषार निघायचे, ते तोंडाने ओढायचे. अॅड्रिनॅलिन आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते, पण थोडाच वेळ, आणि सोबत छातीची धडधड वाढवते, हात थरथरवते. खिशात मावणारा, एका दाबात मोजका डोस सोडणारा पंप बाजारात आला तो १९५६ मध्ये. अमेरिकेतल्या रायकर कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायचा स्प्रे डब्यातून येतो, मग माझे औषध का नाही, असे तिने बापाला विचारले आणि त्यातून हा पंप निघाला, अशी त्याची जन्मकथा आहे.

दम्यामुळे अर्नेस्टोला लष्करी सेवेतून सूट मिळाली. पुढे गनिमी युद्धात हयात घालवलेल्या माणसाबद्दल हे वाचताना मौज वाटते. १९४८ मध्ये त्याने ब्यूनोस आयर्सला वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातले. शिकत असताना तो डॉ. साल्वादोर पिसानी यांच्या अॅलर्जीच्या दवाखान्यात काम करू लागला. पेशंट म्हणूनही आणि सहायक म्हणूनही. मध्येच ग्रानादोबरोबर मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिकेची ती प्रसिद्ध भटकंती झाली. वाटेत अॅटॅक येतच होते, अॅड्रिनॅलिनची इंजेक्शने सोबत होती. पेरूमधल्या सान पाब्लोच्या कुष्ठरुग्णालयात असताना, चोविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्याने अॅमेझॉन नदी पोहून पार केली. दमेकऱ्याची फुप्फुसे कायमची निकामी असतात असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोन अॅटॅकच्या मध्ये दमेकरी कुठल्याही निरोगी माणसाइतका धडधाकट असू शकतो. मात्र त्यामुळेच आजार गेला असे समजून औषध सोडले जाते.

१९५३ मध्ये तो डॉक्टर झाला. नंतर मेक्सिको सिटीच्या सार्वजनिक रुग्णालयात अॅलर्जी विभागात त्याने काम आणि संशोधनही केले. म्हणजे ज्या आजाराने पछाडले होते, त्याच आजाराच्या शास्त्रात तो मुरलेला होता. १९५५ मध्ये मेक्सिकोतच फिडेल कॅस्ट्रो भेटला आणि दवाखाना सुटला.

नोव्हेंबर १९५६ मध्ये 'ग्रान्मा' नावाच्या लहानशा बोटीतून ८२ माणसे मेक्सिकोहून क्यूबाकडे निघाली. डॉक्टर म्हणून गव्हेरा सोबत होता. बाकीचे समुद्र लागून ओकत होते आणि त्यांचा डॉक्टर दम्याने बेजार होता. सिएरा माएस्त्राच्या डोंगरात फेब्रुवारी १९५७ च्या अखेरीस पावसात, पाठलाग चालू असताना त्याला असा अॅटॅक आला की पाऊल उचलेना. औषध संपले होते. एका सोबत्याबरोबर त्याला मागे ठेवावे लागले. एका शेतकऱ्याला पैसे देऊन गावाकडे औषधासाठी पाठवले. थोडे औषध मिळाल्यावर तो निघाला, तो एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, रायफलीच्या दस्त्यावर भार देत. धडधाकट माणसाच्या एका दिवसाच्या वाटेला त्याला दहा दिवस लागले. पुढे त्याने त्या युद्धाच्या आठवणी लिहिल्या, त्यात हे दिवस सर्वांत कडू दिवसांत मोजले आहेत.

त्याच वर्षी उवेरोच्या चकमकीनंतर जखमींची देखभाल करताना पुन्हा औषध संपले. तेव्हा डोंगरातल्या लोकांच्या सांगण्यावरून त्याने 'क्लारीन' नावाच्या झाडाची वाळलेली पाने चिलमीसारखी ओढली. आपल्याकडे दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांचा धूर घेत, त्याच जातीचा हा उपाय. धोतऱ्यात अॅट्रोपिनसारखी द्रव्ये असतात, ती श्वासनलिका थोड्या सैल करतात. आज नेब्युलायझरमध्ये आम्ही जे इप्राट्रोपियम घालतो, ते त्याच घराण्यातले. पण म्हणून कुणी कुंपणावरचा धोतरा ओढायला जाऊ नये. त्याची मात्रा हाती राहत नाही, भ्रम होतो, जीवही जातो. आणि धूर तो धूरच, सुजलेल्या नळ्यांना आणखी चिडवणारा.

धुराबद्दल बोलायचे तर गव्हेराची सिगारही आलीच. डोंगरात डास हाकलायला म्हणून ती तोंडात आली आणि मंत्री झाल्यावरही सुटली नाही. अॅलर्जीतज्ज्ञ डॉक्टर, दमेकरी आणि हातात हवानाची सिगार! याला माझ्याकडे काही उत्तर नाही. माहिती असणे आणि वागणे यांत केवढी दरी असते, हे डॉक्टरांइतके कुणाला ठाऊक असेल? धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यावर श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडचाही परिणाम कमी होतो, हे मात्र पक्के आहे.

क्रांतीनंतर तो राष्ट्रीय बँकेचा प्रमुख झाला, उद्योगमंत्री झाला, देशोदेशी फिरला. १९५९ च्या जुलैत भारतातही येऊन गेला, दिल्लीत पंडित नेहरूंना भेटला. १९६५ मध्ये काँगोच्या जंगलात गेला, तिथेही दमा सोबत होताच.

नोव्हेंबर १९६६ मध्ये तो बोलिव्हियात पोचला. न्यांकाउआसू नदीच्या खोऱ्यात तळ पडला. शिधा, कागदपत्रे आणि औषधे गुहांमध्ये लपवून ठेवली होती. पुढच्या वर्षी सैन्य मागे लागले आणि ही माणसे तळापासून दूर गेली. औषध गुहेत आणि दमेकरी डोंगरात, अशी अवस्था झाली. जून-जुलै १९६७ च्या त्याच्या रोजनिशीतल्या नोंदी मी डॉक्टरच्या नजरेने वाचतो तेव्हा एखादा बिघडत चाललेला केसपेपर वाचल्यासारखे वाटते. आधी इंजेक्शने चालू आहेत. मग ती संपत आली म्हणून डोळ्यांत घालण्याच्या थेंबांसाठी बनवलेले अॅड्रिनॅलिनचे द्रावण टोचून घेतले आहे. ६ जुलैला त्याच्या माणसांनी हमरस्त्यावरचे सामाइपाता हे गाव ताब्यात घेतले. औषधे मिळवणे हा त्यातला एक मोठा हेतू. पण दम्याचे कामाचे औषध काही हाती लागले नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने शिरेतून नोव्होकेन टोचून पाहिले. नोव्होकेन म्हणजे दात काढताना भूल द्यायला वापरत ते. काही उपयोग झाला नाही.

रात्री झोप नाही, दिवसा घोडीवर बसूनच प्रवास. ८ ऑगस्टला ती घोडी चालेना म्हणून त्याने संतापाने तिच्या मानेवर सुरा चालवला, आणि आपला तोल सुटू लागला आहे हे स्वतःच वहीत लिहिले. दम्याच्या पेशंटचे नातेवाईक आम्हाला सांगतात, आजकाल फार चिडचिड करतात हो हे. करणारच. रात्रीमागून रात्री बसून काढल्यावर आणि प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागल्यावर संत माणूसही चिडेल. नियंत्रणात नसलेल्या दम्याची ही बाजू केसपेपरवर क्वचितच येते.

औषधे आणायला त्याने माणसे गुहेकडे पाठवली होती. १४ ऑगस्टला रेडिओवर बातमी आली: गुहा सैन्याला सापडली. कागदपत्रे गेली, दम्याची औषधेही गेली. आता किती दिवस हा त्रास भोगावा लागेल याचा अंत नाही, अशा अर्थाची त्या दिवसाची नोंद आहे. ८ ऑक्टोबरला तो पकडला गेला. दुसऱ्या दिवशी ला इगेरा या खेड्यातल्या शाळेत त्याला गोळ्या घातल्या. वय ३९. दम्याने तो मेला नाही; पण अखेरच्या महिन्यांत कुठे जायचे आणि माणसे कुठे पाठवायची, हे बऱ्याच अंशी त्याच्या दम्याने ठरवले.

आता डॉक्टरकीचा प्रश्न. अॅलर्जीचे शास्त्र जाणणाऱ्या माणसाला आपला दमा का आवरता आला नाही?

दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकांच्या भिंती आतून सुजलेल्या असतात, ही सूज आपल्याला काही त्रास जाणवत नसतानाही चालू असते. आणि त्या सुजलेल्या नळ्यांभोवतीचे स्नायू कशाने तरी चिडून आकसतात, तो अॅटॅक. अॅड्रिनॅलिन स्नायू सैल करते, सुजेला ते मुळापासून हात घालत नाही. गव्हेराने ३७ वर्षे अॅटॅकवर औषध घेतले; आजारावरचे, रोज घेता येईल असे औषध त्याच्या काळात नव्हते. कॉर्टिसोनच्या जातीच्या गोळ्या १९५० च्या दशकात आल्या होत्या, पण वर्षानुवर्षे घेतल्या तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सूज उतरवणारे तेच स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये थेट फुप्फुसात सोडणारा बेक्लोमेथासोनचा पंप इंग्लंडमध्ये बाजारात आला १९७२ मध्ये. अॅटॅकसाठी अधिक सुरक्षित असा साल्ब्युटामॉलचा पंप आला १९६९ मध्ये. दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर.

आज ही दोन्ही औषधे तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतात. तरीही माझ्या ओपीडीतले निम्म्याहून अधिक दमेकरी गव्हेरासारखेच जगतात: खिशात फक्त लगेच आराम देणारा पंप, बहुधा निळा. तो ओढला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते, म्हणून तोच 'खरा' वाटतो. स्टेरॉइडचा रोजचा पंप ओढल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, परिणामाला दिवस ते आठवडे लागतात, म्हणून तो फडताळात जातो. वर 'पंपाची सवय लागते' ही समजूत आहेच. सवय लागते ती निळ्या पंपावर भागवण्याची. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची राष्ट्रीय पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. लगेच आराम देणारा पंप वापरणाऱ्या मृतांपैकी ३९ टक्के लोकांना आधीच्या वर्षभरात असे १२ हून अधिक पंप लिहून दिलेले होते. एका पंपात साधारण २०० दाब असतात. १२ पंप म्हणजे रोजचे सहा-सात दाब. २०१९ पासून दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, स्टेरॉइड पाहिजेच. स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजसाठी आणि त्रास झाला तर लगेचसाठीही वापरण्याची सोय आता आहे. तो तुम्हाला लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

स्टेरॉइड म्हटले की लोक दचकतात, म्हणून मात्रेचे भान यावे यासाठी साल्ब्युटामॉलचाच हिशेब सांगतो. त्याची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा. गोळी चाळीस पट. तीच काटकसर स्टेरॉइडच्या पंपातही असते. मात्र औषध फुप्फुसात पोचले तरच हे खरे. घशावर आपटले तर घसा बसतो, तोंड येते आणि छाती होती तशीच राहते.

दाबायचा पंप असेल तर तो हलवून घ्या. आधी श्वास पूर्ण सोडा. ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच एकदा दाबा आणि सावकाश, चार-पाच सेकंद ओढत राहा. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने. दाबणे आणि ओढणे जमत नसेल, आणि पुष्कळांना जमत नाही, तर मध्ये स्पेसर लावा. ती प्लॅस्टिकची नळकांडी पोरांसाठीच असते असे नाही; मी साठीच्या लोकांनाही देतो. कॅप्सूल टाकून फिरवायचे पावडरचे यंत्र असेल तर नेमके उलटे: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण तिथे पावडर उडवण्याचे काम तुमच्या श्वासानेच व्हायचे असते. यंत्रात फुंकू नका, पावडर ओली होते. ओढून झाल्यावर कॅप्सूल पाहा. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. (ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट दर वर्षी भेटतात. तसे लिहून दिलेले नसते, पण दाखवूनही दिलेले नसते.) स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा, गुळण्या करा आणि पाणी थुंका.

गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? लगेचचा पंप दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? रात्री दम्याने जाग आली का? जिना चढणे, काम करणे थांबले का? एकालाही 'हो' असेल तर दमा पूर्ण ताब्यात नाही, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला यावे. येताना रिकामा डबा किंवा चिठ्ठी नको, वापरातला पंप आणा आणि तो कसा घेता ते आमच्यासमोर घेऊन दाखवा. वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत सरळ बसून, स्पेसर असेल तर त्यातून, तो पंप पुन्हा पुन्हा घेत राहा.